सुरू करायचा क्रम

ऐरोली, सेक्टर तीन, तळमजला.
जिन्याखालच्या कपाटात, पाण्याच्या मोटारीच्या स्विचशेजारी
तो उभा आहे. पत्र्यावर अजून कंपनीचा शिक्का:
कंट्रोल रूम, यंत्र दोन.
लिलावात घेतला. चारशे रुपये,
आणि रबाळ्याहून आणायचे टेम्पोवाल्याला दीडशे.

नातू म्हणतो, आजोबा, हे भंगार आहे.
भंगारच आहे, बाळा.
भंगारातलं काय अजून चालेल
हे सांगायचाच पगार घेतला मी एकतीस वर्षं.

पोटातल्या दोन्ही डिस्क कागदांना दिल्या.
जाग यायची ती बाहेरून, पेन ड्राइव्हवरून.
सुनेच्या बँकेनं दिवाळीला वाटलेली,
चार जीबी, टोपण हरवलेलं.
सगळी अक्कल त्या करंगळीएवढ्या तुकड्यात,
बाकी नुसतं अंग.

पुढचे पोर्ट मेलेत. मागच्या चारांतला
भिंतीकडचा एकच ऐकतो,
आणि तोही सरळ सांगितलं तर नाही.
ही हार्ड डिस्कच आहे, असं खोटं सांगावं लागतं.
एवढं कळायला तीन रविवार गेले.
कीबोर्ड काढून पाहिला तर पडद्यावर अक्षरं:
कीबोर्ड सापडत नाही, पुढे जायला एफ वन दाबा.
हसलो. आमचे पर्सनल मॅनेजर
अगदी अशाच नोटिसा लावायचे.

रिअ‍ॅक्टरलाही क्रम असायचा.
आधी थंड पाणी, मग ढवळणी, मग वाफ.
रत्नाकर मढवी तो मोठ्यानं म्हणायचा, रोज,
पाठ असून.
क्रम चुकला तर यंत्र रागावत नाही रे, म्हणायचा,
तू सांगितलंस तेवढंच करतं,
तेच वाईट.

लाइट गेली की हा सगळं विसरतो.
कुठून उठायचं ते, आणि तारीखसुद्धा.
एक जानेवारी, दोन हजार दोन.
त्या दिवशी कंपनी चालू होती.
मंगळवार, पहिली पाळी, कँटीनला उसळ,
गेटवर सायकलींना जागा नाही.
त्याच्या हिशेबी आत्ताही तेच चाललंय.
मी लगेच दुरुस्त करत नाही.
आधी चहा ठेवतो.

मग क्रम.
तारीख. पेन ड्राइव्ह पहिली. सेव्ह. बाहेर.
पंखा घसा खाकरतो,
पडद्यावर ठिपके, एक, अजून एक,
जुन्या पोर्टातून अक्कल
थेंबथेंब उतरते. सात मिनिटं.
सुलभा विचारते, उठला का?
जसं काही पाहुणा आलाय रात्रपाळी करून.

आत दोनशे बारा जणांचे कागद आहेत.
फंडाच्या पावत्या, हजेरीपत्रकं, वारसांची नावं,
गेट बंद झालं त्या आठवड्यात
आम्ही गोण्यांतून काढले ते.
वाळवी लागायच्या आत एकेक स्कॅन केला.
ज्या कंपनीनं आमचा हिशेब मिटवला नाही
तिच्याच यंत्रात तिचा हिशेब ठेवलाय.
यात मोठं काही नाही. दुसरं यंत्र परवडलं नाही.

परवा कुंदा मढवी आली, घणसोलीहून.
वकिलाला नव्वद सालचा फॉर्म हवा होता.
नेमकी त्या सकाळी लाइट गेलेली.
ती स्टुलावर बसून ठिपके बघत राहिली,
पिशवी मांडीवर घट्ट धरून.
कागद निघाला. मढवीची सही,
‘म’ची मान मोडलेली, नेहमीसारखी.

तिनं पत्र्यावर हात ठेवला.
ह्याच्यावरच बसायचे का ते?
नाही, म्हटलं. ते एक नंबरवर.
हा दोन. ह्याच्यावर मी.
बरं, म्हणाली. हात काढला नाही.
गरम झालाय हो फार.
जुना आहे, म्हटलं.

घड्याळजीकडून सेल आणून ठेवलाय,
नाण्याएवढा, तीस रुपयांचा.
तो बसवला की तारीख जागेवर राहील,
क्रमही राहील.
टेबलाच्या खणात आहे, पाकिटासकट.
बसवीन.